डावीकडचा ब्रेक

गाण्याच्या बाईंनी गाडी थांबवली, काठी टेकत टेकत म्हातारा पलीकडे पोचला, मागच्या टेम्पोने हॉर्न मारून आपली नाराजी कळवली, आणि मग शेजारी शिकवायला बसलेल्या तिच्या लक्षात आलं की आपला पाय हललाच नाही. होता तिथेच होता, डावीकडच्या ब्रेकच्या चार बोटं वर, अगदी स्वस्थ, या गाडीशी आपलं काही देणंघेणं नसल्यासारखा. तिने वाकून त्याच्याकडे बघितलं. म्हातारा फुटपाथवरून उतरला तेव्हा तिला दिसला होता. आधी काठी, मग पांढरा बूट, मग म्हातारा, असा क्रमवार दिसला होता. पण दिसल्यावर जे व्हायचं, जे इतकी वर्षं तिला न विचारता होत आलं होतं, ते झालं नव्हतं. "मॅडम!" गाण्याच्या बाईंचा चेहरा फुलला होता. शाळेत गाणं शिकवणाऱ्या या बाई महिनाभर तिच्याकडे गाडी शिकत होत्या आणि वळण आलं की त्यांचा सूर आपोआप चढायचा. "मॅडम, आज तुम्ही एकदाही पाय लावला नाहीत!" "नाही लावला," ती म्हणाली. "आता पहिल्यात टाक आणि नीघ. नाहीतर तो टेम्पोवाला आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करेल." बाई हसल्या, गाडी आचके न देता निघाली, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत ती आपल्या पायाकडेच बघत राहिली.

चौकातल्या इमारतीखाली तिच्या ड्रायव्हिंग क्लासचा गाळा होता. बाहेर तीन गाड्या, तिन्हींच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि तिन्हींना दोन-दोन ब्रेक. एक शिकणाऱ्याचा, दुसरा डावीकडे तिच्या पायाशी. दोन्हींच्या मध्ये एक तार. तिने तिचा दाबला की शिकणाऱ्याचाही खाली जायचा, आणि भल्याभल्यांना वाटायचं, वा, आपण काय सुंदर थांबलो! तिच्या उजव्या पायाने त्या भागातली किती कुंपणं, किती मांजरं आणि किती लग्नं वाचवली होती याची मोजदाद नव्हती. पाय इतका तयार झाला होता की सिनेमागृहातसुद्धा पडद्यावरची गाडी कड्याकडे निघाली की पुढच्या खुर्चीतल्या माणसाला लाथ बसायची. मुलीने लग्न परस्पर ठरवल्याचं सांगितलं, त्या वेळी तिचा चेहरा हसरा होता पण टेबलाखाली पाय फरशीत रुतला होता. गाडीत ती सगळ्यांना अरेतुरे करायची. डॉक्टर असोत, वकील असोत. 'अहो, जरा ब्रेक दाबता का' एवढं म्हणेपर्यंत गाडी फळवाल्याच्या टोपल्यांत जाते, असा तिचा सिद्धांत होता आणि त्यावर आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. उतरल्यावर पुन्हा सगळे अहोजाहो. तिला स्वतःला ज्यांनी शिकवलं ते तिचे उस्ताद म्हणायचे, पोरी, या सीटवर जीभ सगळेच चालवतात, उंटावरून शेळ्या हाकायला अक्कल लागत नाही, पाय लागतो. आणि त्याच उस्तादांचा पाय एक दिवस गेला नाही. गाडी दूधवाल्याच्या शटरमध्ये शिरली. कुणाला फार लागलं नाही, पण त्यानंतर उस्ताद येईल जाईल त्याला सांगत राहिले, पोराने ऐकलं नाही, पोराने ऐकलं नाही. तिने तेव्हाच ठरवलं होतं की आपला पाय चुकला तर क्लासची पाटी आपल्या हाताने उतरवायची, लोकांनी सांगायची वाट बघायची नाही.

आता चुकला होता का? तेच कळत नव्हतं. शटर नव्हतं, म्हातारा सुखरूप घरी गेला होता, गाण्याच्या बाई खुशीत होत्या. चुकल्याची खूण कुठेच नव्हती. फक्त तिला ठाऊक होतं. पुढचे काही दिवस ती सीटवर बसायची ती त्या पायावर पहारा ठेवत, आणि पहारा ठेवला की तो शहाण्यासारखा वागायचा, साहेब आल्यावर कारकून वागतो तसा. नको तिथेही जायचा. त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. ज्या पायावर लक्ष ठेवावं लागतं तो पाय असून नसल्यासारखा, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? आणि पाय नसेल तर ती कोण? लोकांच्या शेजारी बसून वेळ घालवणारी, वाढत्या वजनाची एक बाई. हा विचार तिला मुळीच आवडला नाही. ती रडूबाई नव्हती. कुठलीही गाडी दुखायला लागली की ती घेऊन चढावर जायची आणि काय वाजतंय ते ऐकायची. तसाच पायालाही चढ दाखवला पाहिजे, असं तिला वाटत होतं. त्याच सुमाराला तिच्या नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

तो कवळ्या करायचा. मागच्या खोलीत त्याचं कामाचं टेबल होतं, मेणाचा वास, प्लॅस्टरची पांढरी भुकटी, आणि फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. माहेरचे लोक त्याला तोंडावर जावईबापू आणि माघारी कवळीवाले म्हणायचे, आणि त्याला दोन्ही ठाऊक होतं. नकाशाचे कोपरे उडू नयेत म्हणून त्याने चार जबडे ठेवले होते. "ही तळी," तो म्हणाला. "डोंगरात एकाच्या वर एक अशी आहेत. रस्ता सगळ्यांच्या काठाने जातो. वरच्या तळ्यापाशी राहायची सोय आहे. पलीकडे राखीव जंगल. हरणं रस्त्यावर येतात म्हणे. मी चालवेन." शेवटचं वाक्य त्याने घाईघाईने उरकलं. पन्नाशी उलटल्यावर तो गाडी शिकला होता. घरच्या माणसाला शिकवायचं नाही हा तिचा नियम, म्हणून आधी तिने त्याला समोरच्या क्लासला घातलं. तिथे त्याने असे काही दिवे लावले की क्लासवाला स्वतः येऊन म्हणाला, मॅडम, वैर असेल तर सरळ सांगा. मग तिनेच शिकवलं. पहिल्या दिवशी ती 'क्लच सोड, अरे सोड' म्हणाली तशी त्याने गाडी बंद करून गंभीरपणे विचारलं होतं, "घरात अहो आणि गाडीत अरे?" "घरात तू कुणाला मारणार नाहीस," ती म्हणाली होती. लायसन मिळालं, पण चालवायचा तो तिचीच गाडी, आणि ती डावीकडे असेल तेव्हाच. 'मी चालवतो, ती थांबवते,' असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. तिच्याशिवाय त्याने गाडी कधी गल्लीच्या तोंडापर्यंतही नेली नव्हती. त्यामुळे 'मी चालवेन' म्हणून झाल्यावर तो तिच्या नकाराची वाट बघत बसला. तीन-चार मुद्दे त्याने तयार ठेवले असणार. ती म्हणाली, "चला." तिच्या पायाला याहून चांगला चढ कुठे मिळणार होता? मुद्दे वाया गेल्याचं त्याला थोडं वाईटच वाटलं.

पहिलं तळं आलं तेव्हा तो ओरडला, "बघ, बघ!" आणि तिने बघितलं ते रस्त्याच्या कडेचे दगड किती अंतरावर आहेत ते. ती डावीकडे, दरी डावीकडे, तळंही डावीकडे. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी निळं मोठं होतं, त्यापलीकडे तिला तळ्याशी कर्तव्य नव्हतं. तिचं सगळं लक्ष पायाकडे होतं, आणि पाय नुसता मजेत होता. वळणाची पाटी दिसायच्या आधी तो उठत होता. समोरून ट्रक आला, गेला. उतारावर गाईगुरं आली, गेली. पाय जाऊन परत येत होता आणि दर वेळी तिच्या मांडीपर्यंत एक बारीक सुख चढत होतं. त्याच्या पायाखाली त्याचा ब्रेक आपोआप खाली गेला की तो म्हणायचा, "थँक यू," जिन्यावर कुणी वाट दिल्यासारखा. तिला गाणंबिणं काही येत नाही, पण ती गुणगुणायला लागली होती. म्हणजे आपण उगाच सुतावरून स्वर्ग गाठला. पाय शाबूत होता. गाण्याच्या बाईंच्या वेळी तो जरा दमला असेल, नाहीतर तिलाच उन्हाने ग्लानी आली असेल. दुसऱ्या तळ्यानंतर रस्ता अरुंद झाला, एक उलटं वळण आलं, तिचा पाय गेला, आणि खाली जातच राहिला. चिखलात रुततो तसा. ब्रेक तळाला टेकला आणि तिथेच मऊ पडून राहिला. तार तुटली होती. गाडी मात्र हळू झाली, वळली आणि वर लागली.

तिने पायाच्या बोटाने ब्रेक उचलून पुन्हा दाबला. काही नाही. नुसता पत्र्याचा तुकडा. सांगायला तिचं तोंड उघडलंही होतं. मग तिने त्याच्याकडे बघितलं. डावा गाल, कानामागे अडकलेला चष्मा, आणि ओठ कवळीला पॉलिश करताना असतात तसे किंचित पुढे आलेले. आता सांगितलं तर तो गाडी बाजूला घेईल, किल्ली काढेल, तिच्या हातात ठेवेल आणि पुन्हा आयुष्यात उजवीकडे बसणार नाही. हे तिला तारीखवार दिसलं. त्याच्या लेखी तो चालवत होता तो या तारेच्या जोरावर. तार होती म्हणून दरी नव्हती. ती चालवायला बसू शकत होती, त्यात काय, तिच्या हातचा मळ होता. पण मग ही सहल त्याची राहणार नव्हती. आणि सरळ हिशेब केला तर झालं काय होतं? जगातल्या सगळ्या गाड्यांना एकच ब्रेक असतो. सगळं जग एकाच ब्रेकवर डोंगर चढतं आणि उतरतं. शिवाय हँडब्रेक तिच्या हाताशी होता. तिने डावा हात मांडीवर ठेवला, उजवा हँडब्रेकच्या जवळ सहज पडल्यासारखा टाकला, आणि ती म्हणाली, "छान चाललंय. तिसऱ्यातच ठेव." आवाज नेहमीचा आला. तिला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि त्याच वेळी पाठीवरून घामाचा एक थेंब खाली कमरेपर्यंत गेला तोही तिला नीट जाणवला.

वरच्या तळ्याकाठच्या लॉजमध्ये त्यांना कोपऱ्यातली खोली मिळाली. लाकडी पलंग, भिंतीवर लोकरीच्या टोप्या टांगायला खुंट्या, खिडकीशी दोन खुर्च्या. चहा घेऊन तो खिडकीशी बसला, ऊन अजून समोरच्या बर्फाच्या शिखरावर होतं. "तुझ्या लक्षात आलं का?" त्याने विचारलं. आवाजात दबलेलं काहीतरी होतं. "काय?" "दुपारनंतर तुझा पाय लागला नाही. एकदाही नाही. मी मुद्दाम बोललो नाही, म्हटलं नजर लागायची." शाळेत पहिला आलेला मुलगा घरी जसं सांगतो तसं त्याने सांगितलं, आणि चहाचा घोट घेतला. ती म्हणाली, "अहो, तुम्ही चालवलीच तशी." यात खोटं काही नव्हतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं तिला वाटत राहिलं. गेले दोन तास ती त्याच्या शेजारी त्या मेलेल्या ब्रेकवर पाय मारत होती. दर वळणाला. नुसतं दाखवायला नव्हे, तिला राहवतच नव्हतं. आणि मारता मारता तिला एक गोष्ट दिसली होती, जी आतापर्यंत कधीच दिसली नव्हती, कारण ती दिसायच्या आत तिचा पाय मध्ये पडायचा. तो तिच्यासारखा थांबवतच नव्हता. तिने शिकवलं होतं आधी कस, मग ढील. तो दाबायचा तो थोडा, मग थोडा, मग वाट बघून आणखी थोडा. मऊ मेणावर साचा टेकवताना तो जसं करतो, की एका बाजूला जास्त भार आला तर सगळा जबडा वाकडा, तसं. गाडी थांबली कधी ते कळायचंच नाही. हे त्याने कुठून आणलं? तिने नाही दिलं. तिला आधी नवल वाटलं, मग अभिमान, आणि त्यानंतर, प्रामाणिकपणे सांगायचं तर, राग आला. समोर बसून शांतपणे बिस्किट बुडवणाऱ्या माणसाला आपल्याला न विचारता काहीतरी येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाल्यावर वस्तीच्या टोकाला एक गॅरेज लागलं. शटर वर होतं, आत एक माणूस टायरवर बसून पेपर वाचत होता, आणि भिंतीवर तारांची वेटोळी टांगलेली तिला गाडीतूनही दिसली. अर्ध्या तासाचं काम. 'जरा थांब, वायपर बघून घेऊ' असं म्हणता आलं असतं, त्याला चहाला पाठवता आलं असतं, आणि तिचा पाय तिला परत मिळाला असता. गाडी गॅरेजसमोरून जात असताना तिने हे सगळं मनात पुरतं करून बघितलं, अगदी मेकॅनिकच्या काळ्या हातापर्यंत. आणि ती काही बोलली नाही. गॅरेज मागे पडलं, आरशात लहान झालं. का बोलली नाही याची कारणं तिच्याकडे होती, त्याची उमेद वगैरे. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला आवडलं नाही. तार जोडली की पाय जाईल, गाडी थांबेल, आणि कुणी थांबवली ते पुन्हा कधीच कळणार नाही. आपला पाय खरा की सवयीचा हे तिला आता कळून घ्यायचं होतं, आणि मेलेल्या ब्रेकवर तो जात होता तो नुसती उठाठेव म्हणून, धोका असा आलाच नव्हता. जीव घेणारं काहीतरी समोर येत नाही तोवर म्हाताऱ्याचा प्रश्न सुटणार नव्हता. म्हणजे आपण काय नवऱ्यासमोर संकट येण्याची वाट बघतोय? तिला स्वतःची लाज वाटली. "गप्प का?" त्याने विचारलं. "रस्ता बघ," ती म्हणाली. "बघतोय की. तू तळं बघ. हे हिरवं आहे." ते हिरवं होतं म्हणे.

जंगलात शिरल्यावर उजेड बदलला. रस्त्यावर उन्हाचे तुकडे आणि सावलीचे तुकडे, डोळे सारखे लहानमोठे करावे लागत होते, आणि शिकवणाऱ्याला असा रस्ता मुळीच आवडत नाही. पाटीवर हरणाचं चित्र होतं. तो हळू आवाजात बोलत होता, देवळात बोलतात तसं. एका माणसाची कवळी त्याने कशी तीनदा केली आणि शेवटी कळलं की दोष कवळीचा नव्हता, माणसाला रागाने दात खायची खोड होती, असलं काहीतरी. ती हूं हूं करत होती. उजवीकडे उतार, डावीकडे झाडांमधून पुन्हा पाणी, पुढे किंचित वळण. इंजिनचा आवाज जरासा उतरला, हे तिच्या कानांनी टिपलं आणि बाजूला ठेवलं. आणि मग उतारावरून काहीतरी तपकिरी आलं. ते धावत आलं नाही, ओतल्यासारखं आलं, आणि रस्त्याच्या मधोमध हरीण उभं राहिलं. ते दिसायच्या आधी तिचा पाय गेलेला होता. पूर्ण, टाचेपासून, थाड्कन. ब्रेकचा पत्रा तळावर आपटल्याचा आवाज झाला आणि गुडघ्यापर्यंत कळ आली. गाडी थांबली. बॉनेटच्या पुढे हातभरावर हरणाची बरगडी वरखाली होत होती, एका कानात गोखरू अडकलं होतं, नाक ओलं. त्याने काचेतून आत बघितलं, दोघांकडे सारखंच, आणि मागून दोन पिल्लं उतरून त्याच्या पोटाखालून पलीकडे गेली. मग तेही गेलं. झुडपं हलायची थांबली.

तिला हसू फुटलं. ते आवरेना. पाय होता! तिचा पाय जागेवर होता, कुणाला न विचारता गेला होता, पूर्वीसारखा, तरुणपणी जायचा तसा. इतके दिवस त्या पायावर ठेवलेला पहारा आता उठला. ती गुडघा चोळत हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याने स्टिअरिंगवरचे हात एकेक करून सोडवले. चेहरा त्याच्या प्लॅस्टरसारखा पांढरा. "तू होतीस म्हणून," तो म्हणाला. "तू दाबलास म्हणून वाचलो. मी एकटा असतो तर..." आणि तिचं हसू थांबलं. तिला तिचं मिळालं होतं. ते घेऊन ती गप्प बसू शकत होती. तो जन्मभर ही गोष्ट सांगेल, हरीण, पिल्लं, तिचा पाय, माहेरचे लोक माना डोलवतील, आणि तो जन्मभर तिच्याशिवाय गल्लीच्या तोंडापर्यंत जाणार नाही. "गाडी बाजूला घे," ती म्हणाली. पुढे पाण्याच्या बाजूला थोडी मोकळी जागा होती. दोघं उतरली. उतरल्यावर तिच्या तोंडून आपोआप अहो आलं. "अहो, माझा ब्रेक काल दुपारपासून बंद आहे. तार तुटलीय."

त्याला कळायला वेळ लागला. तो जाऊन तिच्या बाजूचं दार उघडून वाकला, हाताने ब्रेक दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला. मग सरळ उभा राहिला. "कालपासून?" "हो." "आणि मी कालपासून कुणाच्या भरवशावर चालवत होतो?" "तुमच्याच." "मला विचारलं का नाहीस?" तो असा ओरडलेला तिला आठवत नव्हता. मुलीच्या लग्नातही ओरडला नव्हता. "मी एक पाऊल पुढे टाकलं नसतं!" "म्हणून नाही विचारलं." "वा! म्हणजे मी काय तुझा शिकाऊ? मला दरीच्या कडेने नेलंस, मेलेल्या ब्रेकवर, आणि वर म्हणालीस तुम्ही चालवलीच तशी!" "चालवलीच होती तशी," तीही ओरडली. "आणि ऐका. हरीण दिसायच्या आधी तुमचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला होता. इंजिन उतरलं, मी ऐकलं. तुम्हाला झुडूप हललेलं दिसलं असेल, काही असेल, मला दिसलं नव्हतं. मी आयुष्यभर हेच ऐकत आलेय, माझ्या कानांना शिकवू नका. तुम्ही थांबवलीत. मी नुसता पत्रा वाजवला." तो पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याने किल्ली काढली, तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "तूच चालव. माझे हात बघ." ते खरंच कापत होते. ज्या हातांनी तो मेणात केसाएवढी रेघ ओढायचा, ते. त्या हातांना असं कापायला लावल्याबद्दल तिला फार वाईट वाटलं, आणि तरी तिने किल्ली घेतली ती त्याच्याच शर्टाच्या खिशात टाकली.

"मी चालवणार नाही," ती म्हणाली, आणि मग तिने त्याला म्हाताऱ्याचं सांगितलं. काठी, पांढरा बूट, गाण्याच्या बाईंचा आनंद, चार बोटं वर स्वस्थ राहिलेला पाय. उस्तादांचं शटर. पाटी उतरवायचं. तो ऐकत होता. अधूनमधून हाताची घडी घालून बोटं काखेत दाबत होता. "आज गेला," ती म्हणाली. "आज असा गेला की गुडघा सुजणार आहे." "मग त्या दिवशी का नाही गेला?" "नाही कळत. बाईंचा पाय आधीच गेलाय हे माझ्या पायाला कळलं असेल, असं म्हणायला मला आवडेल. पण देव जाणे." त्याने बुटाने एक खडा पाण्याकडे ढकलला. मग म्हणाला, "पण ब्रेक मेलाय हे ठाऊक असताना दर वळणाला दाबत कशाला होतीस? मला दिसत होतं. मला वाटलं, नुसता ठेवतेस." "राहवत नव्हतं." त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. "आमच्याकडे येतात अशी माणसं. दात काढून महिना होतो आणि तरी त्याच बाजूने चावतात. आणि तक्रार करतात की अन्नाला चव नाही." तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली. तो हसला, मग आणखी हसला, मग खाली दगडावर बसून त्याने चष्मा पुसला. "शेजारी बस," तो म्हणाला. "हळूहळू नेतो." "शेजारी नाही. मी मागे बसते." "मागे? मागे कशाला?" "पुढे बसले तर पाय राहणार नाही. आणि तो आपटला की तुम्हाला वाटेल, तिनेच थांबवली." त्याने तिच्याकडे बघितलं. नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं, आणि तो नाही म्हणाला असता तर तिने ऐकलंही असतं. पण तो उठला, त्याने खिशातली किल्ली चाचपली आणि गाडीकडे चालायला लागला.

मागच्या सीटवर त्यांची बॅग होती, ती तिने पायाशी ढकलली. स्वतःच्या गाडीत ती मागे कधीच बसली नव्हती. इथे पायाखाली काहीच नव्हतं, नुसतं रबराचं पायपुसणं आणि गेल्या पावसाळ्यापासून हरवलेली कुणाचीतरी छत्री. समोर त्याची मान. इतक्या वर्षांत तिने त्याला गाडीत डावीकडूनच बघितलं होतं. मागून केस विरळ झाले होते आणि कॉलर आत दुमडली होती. तिला ती नीट करावीशी वाटली, पण तिने हात आवरला. त्याने आरसा हलवला, त्यात तिला त्याचे डोळे दिसले, मग त्याने आरसा तिच्यावरून काढून रस्त्यावर लावला. बरोबर केलं. गाडी निघाली. पहिल्या वळणाला तिचा पाय उठला, पुढच्या सीटच्या पाठीवर थडकला. "काय झालं?" "काही नाही. तुम्ही रस्ता बघा." दुसऱ्या वळणाला तो पुन्हा थडकला, थोडा कमी. मग तिने चपला काढल्या, दोन्ही पाय वर सीटवर घेतले, बॅगेला टेकून ती आडवी बसली, आणि तिच्यासमोर सगळी खिडकी आली. खिडकीत पाणी होतं. हिरवं नव्हतं, निळंही म्हणता येत नव्हतं, मधोमध काळसर आणि काठाला तळाचे दगड एकेक दिसतील इतकं उघडं. त्यात डोंगर उलटा होता, बर्फासकट, आणि बदकांची एक रांग त्या बर्फावरून खुशाल चालली होती. हे सगळं कालपासून इथे होतं तर. "अहो," ती म्हणाली, "केवढं आहे हे!" "मग सांगतोय काय मी!" पुढून आवाज आला. "हे तर लहान आहे. काल खालचं बघितलंस ना, ते याच्या तिप्पट." ती बघितलं म्हणाली नाही. नाही बघितलं असंही म्हणाली नाही. तो पुढचं सांगायला लागला, पलीकडच्या तळ्यात बेट आहे, बेटावर एकच झाड आहे, नकाशात दिसतं. त्याचा आवाज आता नेहमीसारखा झाला होता, आणि ब्रेक लागत होता तो थोडा, मग थोडा, मग वाट बघून आणखी थोडा. गाडीत ती कधी झोपली नव्हती, कुणाच्याच. डोळे जड झालेले तिला कळले तेव्हा तिला आश्चर्य वाटलं, आणि उठून बसावं असंही वाटलं, पण ते कुणा दुसऱ्याच बाईला वाटल्यासारखं होतं. ऊन गालावर आलं, गेलं, पुन्हा आलं. गाडी एका अंगाला कलायला लागली. पुढे वळण आहे एवढं तिला कळलं. डावीकडचं की उजवीकडचं, ते कळायच्या आत तिला झोप लागली.